बाबांचा दहा मिनिटांचा विधी

आमच्या घरात 'मंत्र' हा शब्द जवळजवळ शिवीत जमा होता. बाबा फॅक्टरीत नोकरीला होते, पण त्यांचा खरा धंदा म्हणाल तर जबलपूरच्या आमच्या रांझी भागातल्या समस्त भगतांशी आणि भोंदूंशी भांडण काढणे. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची लटकलेली दिसली की सायकल स्टँडला लावून ते त्या घरच्या माणसाला समजावत बसायचे. कुणाच्या अंगात आलं, कुणी पोराला ताईत बांधला, की झालेच बाबा तिथं हजर. आम्ही बौद्ध. घरात दोन फोटो, त्यांच्यापुढे मेणबत्ती, दर पौर्णिमेला विहारात वंदना, आणि ती वंदना सांगायचेही बाबाच. अशा माणसाच्या बैठकीत रविवारी दुपारी, खिडक्या उघड्या टाकून, माझा धाकटा भाऊ खणखणीत आवाजात सांगतो, "कुणी बोलू नका, जादूगार विधी करून राहिला." आता शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय समजायचं? समोरच्या आंटीनं आईला बाजूला घेऊन विचारलंच, की भाईसाहब बीमार क्या हुए, आप लोग भी झाड़-फूँक में पड़ गए?

कुणी कशात पडलं नव्हतं. तो एक खेळ होता. भाऊ इंजिनिअरिंगला पुण्याला होता तेव्हा होस्टेलवर शिकून आलेला. ह्या खेळात पट नाही, पत्ते नाहीत, कुणी जिंकत नाही आणि हरतही नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होऊन बसतात. समोर नदी आली, पूल तुटलेला आहे, आता काय करता, असं तो विचारतो आणि आपण आपल्या पात्राचं सांगायचं. सांगितलेलं जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. बाकी सगळा बोलण्याचा कारभार. म्हणूनच हा खेळ आमच्याकडे चालेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. ज्या माणसाच्या करमणुकीसाठी तो मांडायचा, त्यालाच बोलता येत नव्हतं.

बाबांना आदल्या वर्षी लकवा मारला होता. उजवा हात-पाय हळूहळू परत कामाला लागले, काठी सुटली, पण बोलणं काही परत आलं नाही. डॉक्टरांनी आम्हां सगळ्यांना बसवून समजावलं होतं. ह्यांना सगळं कळतं, काय सांगायचं तेही डोक्यात तयार असतं, फक्त शब्द हाताला लागत नाही. लागला तर उशिरा लागतो, कधी भलताच लागतो. चहा म्हणायचं असतं आणि तोंडातून चप्पल येते. त्यामुळे बाबांनी बोलणंच सोडून दिलं होतं. जन्मभर चौकाचौकात वाद घातलेला माणूस खुर्चीत बसून नुसती मान हलवायचा, हे बघून मला इतका राग यायचा, की कुणावर काढावा तेच कळायचं नाही.

आणि गंमत अशी, की वंदना त्यांना येत होती. पूर्ण. पौर्णिमेला आम्ही त्यांना धरून विहारात नेलं, आणि बाबा हात जोडून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत न अडखळता म्हणत गेले. बायका डोळे पुसायला लागल्या. बरे झाले, बरे झाले. बाहेर येऊन एकानं विचारलं, जेवण झालं का, तर बाबांच्या तोंडून हूं का चूं निघेना. डॉक्टर म्हणाले, असंच होतं. वर्षानुवर्षं पाठ असलेलं डोक्यात वेगळ्या जागी राहतं, ते सुटतं. स्वतःचं नवं वाक्य जुळवायचं ते अवघड.

हे मला पटलं, भावाला पटलं, आईला नाही पटलं. आणि का नाही पटलं हे तिनं मला एकदा स्वयंपाकघरात सांगितलं.

मी शहपुऱ्याला तहसील कचेरीत नोकरीला. शनिवारी संध्याकाळी बस पकडून रांझीला यायचं, सोमवारी पहाटे परत. थंडीच्या दिवसांत येताना पिशवीभर मटर घेऊन यायची, तिकडे चांगला मिळतो. तर आम्ही दोघी सोलत बसलो होतो आणि आई खाली मान घालून म्हणाली, "तुह्या बाबानं माह्यावर राग धरला. म्हणून तोंड मिटून घेतलं."

मी म्हटलं, आई, डॉक्टरांनी काय सांगितलं?

"डॉक्टर विहारात आला होता का वंदना ऐकाले?"

मग तिनं सगळं सांगितलं. झटक्याच्या आधी त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. बाबांच्या मनात होतं की आता रिटायर झालो, तर वर्ध्याकडे गावाला जाऊन राहावं. तिथं त्यांचे भाऊ आहेत, वाट्याच्या दोन खोल्या आहेत. आई लग्न होऊन जबलपूरला आली ती इथलीच झाली. इथं तिचा विहार, तिच्या मैत्रिणी, पोरगा, सून, शनिवारची मी. ती म्हणाली, मी नाही येत. बाबा म्हणाले, मग मी एकटा जातो. एवढंच ते बोलले. पुढचं सगळं आईच बोलली. जा नं मग एकटेच, मले काय, सुटली मी, जन्मभर तुमच्या मागं मागं हिंडली, तिथं तुमचं कोण करते पाहतेच मी. बाबांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि विहाराकडे निघून गेले. त्याच आठवड्यात लकवा. तेव्हापासून आईशी धड एक वाक्य नाही. तिच्या मनानं घेतलं होतं, की हा आजार नाही, हे उत्तर आहे. आजार असलाच तर तोही तिच्याच तोंडामुळे झाला. मी किती समजावलं! पण आईला एखादी गोष्ट पटवायची म्हणजे बरगी धरणाचं पाणी चमच्यानं उपसण्यातला प्रकार.

आणि त्या भीतीपोटी ती काय करायची, तर बाबांना काही मागायला लागूच नये म्हणून धडपडायची. त्यांनी तोंड उघडलं की ही सुरू. पाणी? चहा? पंखा लावू? पेपर पाहिजे? दरवाजा लोटू? बिचाऱ्या माणसाला काहीतरी तिसरंच सांगायचं असायचं, पण ह्या माऱ्यात सापडलेला शब्दही पळून जायचा. शेवटी ते कशाला तरी मान हलवायचे आणि थंडीत डोक्यावर पंखा फिरायचा. जबलपूरमधल्याच गोरखपूर भागात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, आठवड्यातून दोनदा भाऊ बाबांना त्यांच्याकडे न्यायचा. त्या मॅडमनी आईला अक्षरशः हात जोडले, की माताजी, इनका वाक्य आप पूरा मत कीजिए, रुकिए. आईनं शहाण्यासारखी मान हलवली, आणि घरी येताना ऑटोत बसल्या बसल्या तिचं परत सुरू झालं.

तेव्हा भावानं हा खेळ काढला.

सुरुवातीला तो, त्याची बायको आणि मी, असे तिघंच खेळायचो. माझी भावजय इथलीच, हिंदीभाषी. मराठी तिला पूर्ण कळतं, पण उत्तर हिंदीत. ती झाली जखमा बऱ्या करणारी पुजारीण. मला भावानं कुऱ्हाड घेऊन लढणारी बाई दिली आणि म्हणाला, ताई, तुला ॲक्टिंग करायची गरज नाही. बाबा दोन रविवार खुर्ची जवळ ओढून नुसते बघत राहिले. तिसऱ्या रविवारी त्यांनी हात पुढे करून फासा उचलला आणि परत दिलाच नाही.

भावाच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी पाहिलं. पण तो पोरगा हुशार, त्यानं काही झालंच नाही असं दाखवलं. म्हणाला, बाबा, तुमच्यासाठी जादू करणारा ठेवला आहे. त्यात दोन जाती आहेत. एकाला देव शक्ती देतो. हे ऐकताच बाबांच्या भुवया छताला गेल्या. दुसऱ्याला कुणी काही देत नाही. तो वर्षानुवर्षं शाळेत बसतो, अभ्यास करतो, एकेक मंत्र स्वतःच्या हातानं पुस्तकात उतरवतो. गरिबाचा पोरगा असला तरी चालतो. जेवढं शिकेल तेवढं त्याचं. बाबांनी टेबलावर बोट आपटलं. "शि... शिकून," ते म्हणाले. अशा रीतीनं रांझीतला सगळ्यात मोठा मंत्रविरोधी माणूस जादूगार झाला.

मग आई कशी मागं राहील? मी काय चुलीपाशीच मरू का, म्हणून तीही येऊन बसली. कुलपं उघडायला कुणी नव्हतं, म्हणून भावानं तिला चोर केलं. बाप्पा, काय तमाशा झाला! पंचशील घेतलेली बाई मी, चोरी करणार नाही म्हणजे नाही. मोठ्या मुश्किलीनं तडजोड झाली, की आई फक्त कुलूप उघडेल, आतलं उचलणार नाही. एका तळघरात आम्ही जीव धोक्यात घालून सोन्याच्या मोहरांच्या पेटीपर्यंत पोहोचलो, आईनं कुलूप काढलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावून टाकलं. म्हणाली, ज्याचं असन तो येऊन नेईल. माझी कुऱ्हाडवाली बाई त्या दिवशी आईवरच धावून जाणार होती.

आता विधीचं सांगते. ह्या खेळात जादूगाराची ताकद मोजकी असते. आग फेकायची, वीज पाडायची, असं दिवसातून थोड्या वेळा करता येतं. ती संपली की संपली, रात्री झोप काढल्याशिवाय परत भरत नाही. म्हणून शहाणा जादूगार हात राखून असतो. पण काही मंत्रांना दुसरी वाट असते. एखादी वस्तू जादूची आहे का ते ओळखणे, परकी भाषा समजून घेणे, सामान वाहायला हवेत तरंगणारं ताट बोलावणे, असे सावकाशीचे मंत्र विधी म्हणूनही करता येतात. नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतात, पण साठ्यातली ताकद कणभरही खर्च होत नाही. मंत्र पाठही असावा लागत नाही, पुस्तक समोर उघडून वाचत वाचत केला तरी चालतो. अट एकच, की निवांतपणा पाहिजे. अंगावर कुणी तलवार घेऊन येत असताना विधी होत नाही. लक्ष मोडलं की विधी मोडतो.

भाऊ हे दहा वाक्यांत समजावत होता, आईनं एका वाक्यात केलं. म्हणाली, म्हणजे पाहुणे दारात असले तं गॅस, अन् दुपार मोकळी असली तं शेगडी, सिलिंडर वाचते. बाबांनी मान डोलावली. तेव्हापासून आम्ही मोठ्या मंत्राला गॅस आणि विधीला शेगडीच म्हणायला लागलो.

आणखी एक नियम भावानं घातला होता. तो मला त्यानं आधीच गेटपाशी सांगून ठेवला. बाकी ठिकाणी खेळणारा नुसतं म्हणतो, मी हे विधीनं करतो. सांगणारा म्हणतो, ठीक, दहा मिनिटं गेली. झालं. "पण आपल्याकडे जादूगारानं स्वतः बोलायचं, तो काय करून राहिला ते. त्याच्या शब्दांत, पाहिजे तेवढा वेळ घेऊन. तोपर्यंत कुणी बोललं की विधी मोडला. हे पुस्तकातलं नाही ताई, घरचं आहे." मी म्हटलं, बाबांचं ठीक आहे रे, पण आई गप बसेल? पुण्याला राहून तुझं डोकं फिरलं आहे.

पहिला विधी जंगलातल्या एका विहिरीपाशी झाला. दोराला बांधलेली बादली चमकत होती, आणि ती जादूची आहे का हे जादूगारानं ओळखायचं होतं. बाबांनी पुस्तक म्हणून दिलेली चोपडी समोर धरली. घसा साफ केला. सगळे गप झाले.

"मी... पाणी..."

"पाणी पाहिजे? आणते," म्हणून आई उठलीसुद्धा.

भाऊ शांतपणे म्हणाला, विधी मोडला. आई अर्ध्या वाटेत उभी. मी तं पाणीच आणून राहिली होती नं, असं तिचं चाललं होतं. बसवली तिला. पुन्हा सुरू. बाबा म्हणाले, मी पाण्यात, आणि आई भावजयीच्या कानात कुजबुजली, की हात घालतेत वाट्टे. मोडला. तिसऱ्यांदा बाबा तोंड उघडतात न उघडतात तोच ती म्हणाली, आता मी अजिबात बोलत नाही. मोडला. भावजय उशीत तोंड घालून हसत होती, आणि मग मला एक आवाज आला, जो मी किती महिन्यांत ऐकला नव्हता. बाबा हसत होते. खांदे हलवून, पोटातून.

आई मात्र कावरीबावरी झाली. तिनं भावाला विचारलं, की माझ्यामुळं त्यांचं काही वाया तर नाही गेलं? भाऊ म्हणाला, काही नाही जात आई. विधी मोडला तर फक्त पुन्हा पहिल्यापासून करायचा. साठ्यातलं काही कमी होत नाही. हे तो आईला सांगत होता, पण मी पाहिलं, बाबा त्याच्याकडे टक लावून ऐकत होते.

चौथ्यांदा आईनं पदर तोंडाशी घट्ट धरला. बाबांनी सुरू केलं. मी पाण्यात पाहतो. मग बराच वेळ काही नाही. बाहेरून एक मोटारसायकल गेली, वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. एक चुकीचा शब्द आला, बाबांनी तो हातानं झटकला, परत शोधायला लागले. मला आत्ता सुचवावं आत्ता सुचवावं असं होत होतं, मी माझी जीभ दातांखाली धरून बसले. खडा टाकतो. पुन्हा तसंच. आणि शेवटी, "खडा... बोलल... तोवर... थांबतो." एवढं लांब वाक्य! भावानं जाहीर केलं, की पाणी साधं आहे, बादली मात्र जादूची आहे. त्या बादलीचं पुढे काय केलं हे आम्हां कुणालाच आठवत नाही. बादलीकडे कुणाचं लक्ष होतं?

त्यानंतर बाबांनी आग-वीज काही फेकलंच नाही. जिथं तिथं विधी. साधा दरवाजा दिसला तरी पुस्तक उघडायचे. माझी कुऱ्हाडवाली बाई वैतागायची, मी मुद्दाम जोरजोरात उसासे टाकायची, आणि बाबा मला बोट दाखवून अजून सावकाश बोलायचे. गोरखपुरच्या मॅडम म्हणाल्या, इनको घर में क्या खिला रहे हो?

पण खेळ संपला, फासा डब्यात गेला, की आईचं परत येरे माझ्या मागल्या. पाणी? चहा? पंखा? एकदा माझं डोकंच फिरलं. मी तिला ओट्यापाशी गाठलं आणि चांगली झापली. खेळात पाऊण तास गप बसतेस, मग घरात दोन मिनिटं थांबायला काय होतं? बाबा तुझ्याशी बोलायचा प्रयत्न करून राहिले आणि तू त्यांच्या तोंडात बोळा कोंबतेस.

आई कणीक मळत होती. हात थांबवले नाहीत तिनं. "खेळात ते विहिरीचं बोलतेत, भुयाराचं बोलतेत. त्याचं भेव नाही वाटत. घरात मी थांबली, अन् त्यायनं माह्याबद्दल सांगतलं तं?"

मला तोपर्यंत वाटत होतं की आईला धीर नाही. धीर तिला भरपूर होता. तिला ऐकायचं नव्हतं, म्हणून ती आधीच बोलून घेत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

मग तो रविवार आला. मटराचा मोसम संपत आलेला, शेंगा जून झाल्या होत्या, तरी मी आणल्या होत्या. परात मधे ठेवून आम्ही तिघी सोलत होतो आणि खेळत होतो. गोष्टीत आता एका काळ्या दगडाच्या किल्ल्यात शिरायचं होतं. दोघी एका दारानं, दोघं दुसऱ्या दारानं, आणि आत आवाज केला तर पहारेकरी जागे होणार. भाऊ म्हणाला, बाबांच्या पुस्तकात एक नवा विधी आहे. मनं जोडायचा. ज्यांची मनं जोडली ते कितीही लांब असले तरी न बोलता एकमेकांशी बोलू शकतात. मनातलं सरळ मनात. फक्त ज्याची तयारी आहे त्यालाच जोडता येतं, आणि जादूगारानं एकेकाकडे पाहून त्याचं नाव घ्यायचं.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे ह्यांच्या मनातलं मले ऐकू येईन?"

भाऊ म्हणाला, खेळात, हो.

बाबांनी पुस्तक उघडलं. खोली गप. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ शोधलं आणि माझं नाव घेतलं. तेही घरातलं, लहानपणचं, जे मी त्यांच्या तोंडून आजारपणानंतर ऐकलंच नव्हतं. मग सुनेकडे वळले. तिचं नाव थोडं चुकलं, त्यांनी दुरुस्त केलं. मग आईकडे वळले. ओठ हलायला लागले. आई परातीत बघत होती.

"मले नको," आई म्हणाली. "मले नाही जोडायचं. तुम्ही तिघं जोडून घ्या. मी बाहीर उभी राहतो पहाऱ्याले."

भावजय घाबरून म्हणाली, मम्मीजी, खेल ही तो है. भावानं विधी मोडला असं म्हटलं नाही.

"खेळ हाये ते मले समजते," आई म्हणाली. "त्यांच्या मनात काय हाये ते माहीत हाये मले. पोरासुनेसमोर कायले ऐकू? मीच बोलली होती, एकटे जा म्हणून. धरला त्यायनं राग, बरोबरच हाये."

बाबांनी पुस्तक मिटलं. बाजूच्या स्टुलावर ठेवलं. खुर्ची दोन्ही हातांनी धरून आईकडे फिरवली, उजवा हात अजून कच्चा होता तरी आम्हांला मदत करू दिली नाही.

"राग..." ते म्हणाले.

आईनं डोळे मिटून घेतले. तिचं तोंड उघडलं होतं, पुढचं सगळं तिच्या जिभेवर तयार होतं, मला दिसत होतं. आणि ती बोलली नाही. तिनं परातीची कड धरली आणि थांबली.

"राग... नाही."

पुढचं यायला फार वेळ लागला. मधे एक गावाचं नाव आलं, मग भलताच एक शब्द आला, मग सगळंच अडकलं आणि बाबांनी चिडून मांडीवर मूठ मारली. भाऊ अगदी हळू म्हणाला, बाबा, पुन्हा पहिल्यापासून. काही जात नाही. बाबांनी श्वास घेतला. आई अजून तशीच बसलेली. तिच्या आयुष्यात ती इतका वेळ कधी गप बसली असेल असं मला वाटत नाही.

"मी... एकटा..." बाबा म्हणाले. "एकटा... जाणारच... नव्हतो."

आईनं डोळे उघडले.

"मग तवाच काहून नाही सांगतलं?"

बाबांनी विचार केला. शब्द शोधले, लावून पाहिले.

"तू... बोलून... राहिली होती."

आई आधी हसली. हसता हसता रडायला लागली, आणि मग जे रडायला लागली ते वर्षभराचं. मी उठून तिच्याकडे जायला निघाले, भावजय पाणी आणायला वळली. बाबांनी आम्हां सगळ्यांना हात दाखवून जागच्या जागी बसवलं, आणि तिचं होईपर्यंत ते तसेच समोर थांबून राहिले.